गोयाचा वेलिंग्टन: चित्रवाचन फलकाच्या प्रकल्प नोंदी

काम: फ्रान्सिस्को गोयाने रंगवलेल्या वेलिंग्टनच्या व्यक्तिचित्राची मूळ आकारातली छापील प्रत आणि तिच्या शेजारी मराठी वाचनफलक. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. महोगनीच्या फळीवर तैलरंग, ६४.३ × ५२.४ सेंटिमीटर, काळ १८१२ ते १८१४. हेच चित्र घेतलं याची कारणं दोन. गणवेशातल्या माणसाचं चित्र चिन्हांवरून कसं वाचायचं याचा इतका नेमका नमुना क्वचित मिळतो. आणि हा माणूस आपल्याला परका नाही. १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध असई, अडगाव आणि गाविलगडला लढलेला ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली तो हाच.

४ ऑगस्ट

पहिलं वाचन पुस्तकांना हात न लावता. "हा वेलिंग्टन" असं एकदा कानावर पडलं की डोळे चित्र सोडून चरित्र वाचायला लागतात, म्हणून आधी फक्त मोजणी. ए-३ कागदावर करड्या रंगात प्रत काढली, वर ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) चिकटवली आणि मार्करने वस्तूंच्या कडा गिरवल्या. रंग मुद्दाम काढून टाकला होता. लाल आणि सोनेरी समोर असले की नजर तिथेच अडकते आणि बारीक वस्तू सुटतात.

मोजणी अशी: खांद्यावरून तिरपे जाणारे रुंद पट्टे दोन, छातीवर तारे तीन, गळ्याशी लटकणारं मानचिन्ह एक, त्याच्या खाली फितीवर क्रॉस एक. एकूण सात. तलवार नाही, टोपी नाही, घोडा नाही, तोफेचा धूर नाही, हातात नकाशा किंवा खलिता नाही. हातसुद्धा चौकटीत येत नाहीत. मागे नुसता गडद रंग. अधिकाऱ्याच्या चित्रात एरवी जी सामग्री वाचणाऱ्याच्या मदतीला येते ती इथे सगळी वजा आहे. म्हणजे ओळख पटवायची ती छातीवरून आणि चेहऱ्यावरून.

एक नियम आजच ठरवून टाकला: डावं-उजवं नेहमी चित्रातल्या माणसाचं लिहायचं. "डाव्या बाजूचा तारा" असं मोघम लिहिलं की निम्मे वाचक आपली डावी बाजू धरतात, निम्मे त्याची, आणि पट्ट्यांच्या बाबतीत सगळा निकालच उलटा लागतो. नोंदवहीत "त्या.उ." आणि "त्या.डा." अशा खुणा वापरायच्या.

६ ऑगस्ट

छपाईचा हिशेब. मूळ आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर लांब बाजूला ७,५९४ आणि आखूड बाजूला ६,१८९ पिक्सेल लागतात. हाती असलेली फाइल लांब बाजूला ४,००० ची, म्हणजे जेमतेम १५८ डीपीआय. दोन हातांवरून पाहायला हे पुरतं, पण क्रॉसच्या फितीवरच्या पट्ट्या मोजायला जवळ जावंच लागणार आणि तिथे हे फुटणार. सॉफ्टवेअरने पिक्सेल वाढवून पाहिले. ते चालणार नाही. यंत्र स्वतःच्या अंदाजाने कडा धारदार करतं, आणि गोयाने ब्रशच्या एका ठिपक्यात संपवलेली गोष्ट कोरीवकाम केल्यासारखी दिसू लागते. मोठी फाइल मिळवायची.

चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं, त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. संग्रहालयाने काढलेल्या छायाचित्राच्या वापराच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या वाचून लेखी होकार घ्यायचा.

१० ऑगस्ट

आजचा सगळा वेळ दोन पट्ट्यांवर गेला.

वरचा पट्टा तांबडा, गुलाबीकडे झुकणारा. त्याला लगटून निळा. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अंगावर निळा पट्टा दिसला की पाहणारा पटकन "गार्टर" म्हणून मोकळा होतो, कारण इंग्लंडचा तो सर्वांत मानाचा किताब आणि त्याचा पट्टा निळा. इथे तो निकाल चूक ठरतो, आणि रंगाच्या बारीक छटेत शिरायची गरजही पडत नाही. खांदा पाहावा. गार्टरचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जातो. बाथ या किताबाचा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. चित्रात दोन्ही पट्टे त्या.उ. खांद्यावरून एकाच दिशेने उतरतात. म्हणून तांबडा बाथचा आणि निळा पोर्तुगालच्या "टॉवर अँड स्वोर्ड" म्हणजे बुरूज आणि तलवार या किताबाचा.

रंगाच्या भरवशावर का राहायचं नाही? वॉर्निश जुनं झालं की पिवळं पडतं आणि त्याखालचा निळा हिरवट दिसू लागतो. शिवाय छायाचित्र, पडदा आणि छपाई या तीन टप्प्यांत तीन वेळा रंग सरकतो. खांदा मात्र कुठल्याच टप्प्यात सरकत नाही. अपवाद एकच, प्रतिमा उलटी छापली गेली तर! जुन्या पुस्तकांत निगेटिव्ह उलटी लागल्याने असं झालेलं आढळतं. तपासायची खूण म्हणजे डगल्याची बटणं आणि तारे. मोठे तारे त्या.डा. छातीवर लावतात. ते उजवीकडे दिसले तर चित्र आरशातलं आहे असं समजावं.

फलकासाठी "सॅश"ला काय म्हणायचं यावर बराच खल झाला. "कमरपट्टा" नाही, "उपरणं" तर नाहीच. "खांद्यावरचा रुंद पट्टा" असं एकदा पूर्ण लिहून पुढे नुसतं "पट्टा".

१२ ऑगस्ट

आजची तारीख या माणसाच्या आयुष्यात दोनदा येते. १२ ऑगस्ट १८०३ ला अहमदनगरचा किल्ला त्याच्या ताब्यात आला. बरोबर नऊ वर्षांनी, १२ ऑगस्ट १८१२ ला, तो माद्रिदमध्ये शिरला. त्याआधी २२ जुलैला फ्रेंचांविरुद्ध सालामांकाची लढाई जिंकलेली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो बुर्गोसच्या दिशेने निघाला. म्हणजे गोयासमोर बसायला त्याच्याकडे तीन आठवडेसुद्धा नव्हते, आणि त्यात राजधानीचा कारभार होताच. चेहरा इतका झपाट्याने का रंगवलाय त्याचं एक उत्तर इथे आहे.

नावांचा गुंता आजच सोडवून ठेवला. चित्राला "ड्यूक ऑफ वेलिंग्टन" म्हणतात, पण ब्रिटनची ती पदवी त्याला मे १८१४ मध्ये मिळाली. असईला तो मेजर-जनरल आर्थर वेलस्ली होता, "सर" हे १८०४ नंतरचं, व्हायकाउंट १८०९ मध्ये, अर्ल फेब्रुवारी १८१२ मध्ये. गोयाने ब्रश हाती घेतला तेव्हा समोर अर्ल ऑफ वेलिंग्टन बसला होता. गंमत अशी की स्पेनच्या हिशेबाने तो तेव्हाही ड्यूकच होता. सिउदाद रोद्रिगो जिंकल्यावर १८१२ मध्येच स्पेनने त्याला त्या गावाची ड्यूक पदवी दिलेली होती.

मराठी वाचकासाठी दुसरी गल्लत जास्त महत्त्वाची. शाळेच्या पुस्तकातला तैनाती फौजेचा "लॉर्ड वेलस्ली" हा नव्हे. तो याचा थोरला भाऊ रिचर्ड, गव्हर्नर-जनरल. दोघांना एक समजून लिहिलेले मजकूर सर्रास सापडतात. फलकावर पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट करायचं. तिसरा भाऊ हेन्री १८११ पासून स्पेनमध्ये ब्रिटिश राजदूत होता. हे पुढे १८१४ च्या नोंदीत कामाला येईल.

१७ ऑगस्ट

तारे. तिन्ही नीट पाहिले.

सर्वांत वरचा बाथचा. १८१५ मध्ये या किताबाची फेररचना होऊन वर्ग पडले आणि चिन्हांचं रूपही बदललं. नंतरच्या काळातल्या ताऱ्याचं छायाचित्र शेजारी ठेवून "जुळत नाही" असा निकाल देणं ही नवख्याची नेहमीची चूक. १८१५ पूर्वीच्या ताऱ्याशीच तुलना करावी. मध्यभागी तीन मुकुट, भोवती किरण. खालचे दोन परदेशी. एक पोर्तुगालच्या त्याच बुरूज-तलवार किताबाचा, दुसरा स्पेनच्या सान फर्नांदो किताबाचा. हा दुसरा तेव्हा अगदी कोरा होता, त्याची स्थापनाच ३१ ऑगस्ट १८११ ची.

जवळून पाहिल्यावर तारे धातूचे वाटत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या काळी असे तारे बहुतेक वेळा कापडावर जरीने भरलेले असत आणि डगल्यावर शिवून टाकलेले असत. आपल्याकडच्या कलाबतू-टिकल्यांच्या कामासारखेच. गोयाने किरण एकेक करून आखलेले नाहीत. जाड रंगाचे आखूड फटकारे मारलेत, मधे मधे पांढऱ्या-पिवळ्याचे उठावाचे ठिपके. दोन हातांवरून टिकल्या चमकल्याचा भास होतो, वीतभर अंतरावर नुसता रंगाचा चिखल. म्हणून ताऱ्याची नक्षी वाचायची तर मागे सरकायचं. जास्त झूम केलं की माहिती वाढण्याऐवजी कमी होते. हे छापील प्रत पाहणाऱ्याला सांगायलाच हवं, नाहीतर लोक भिंग घेऊन येतील आणि निराश होतील.

आता आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट. बाथचा किताब त्याला १८०४ मध्ये मिळाला, तो हिंदुस्थानातल्या कामगिरीसाठी. स्पेन-पोर्तुगालची मोहीम तेव्हा चार वर्षं लांब होती. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यात केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेली असईची लढाई, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं अडगाव, १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड. नंतर देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह. असईत त्याच्या बाजूची सुमारे दीड हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, नव्वदहून अधिक तोफा त्याच्या हाती लागल्या. त्या चार महिन्यांची कमाई म्हणजे चित्रातला सगळ्यात वरचा तारा आणि तांबडा पट्टा. माद्रिदमध्ये रंगवलेल्या या छातीवर सातांपैकी दोन चिन्हं दख्खनची आहेत.

२१ ऑगस्ट

गळ्याशी गोल्डन फ्लीस: तांबड्या फितीला लटकलेली सोनेरी मेंढी. १४३० मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने सुरू केलेला हा किताब पुढे स्पेनच्या राजघराण्याकडे आला. वेलिंग्टनला तो ऑगस्ट १८१२ मध्ये जाहीर झाला. चित्रात मात्र तो नंतर चढवलेला आहे.

त्याखालचा क्रॉस हा या चित्राचा खरा कूटप्रश्न. आधी नियम समजून घ्यावा लागतो. द्वीपकल्पाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधल्या फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात ब्रिटिश सेनेत वरिष्ठ अधिकाऱ्यांना लढाईगणिक सुवर्णपदक मिळे. सेनापतींना मोठं, ५४ मिलिमीटरचं, बाकीच्यांना ३३ मिलिमीटरचं. एकाच माणसाच्या गळ्यात पदकांची माळ व्हायला लागल्यावर १८१३ मध्ये पद्धत बदलली. चार लढाया भरल्या की सुटी पदकं जाऊन सोन्याचा एकच क्रॉस, त्याच्या चार भुजांवर चार लढायांची नावं. पाचवीपासून पुढे प्रत्येक लढाईसाठी फितीवर एकेक सोन्याची पट्टी. फीत गडद तांबडी, कडा निळ्या.

वेलिंग्टनचा हिशेब मांडला. रोलिसा-विमेइरो मिळून एक, तालावेरा दोन, बुसाको तीन, फुएंतेस दे ओन्योरो चार. इथे क्रॉस भरला. मग सिउदाद रोद्रिगो, बादाहोस, सालामांका: तीन पट्ट्या. पुढे व्हितोरिया, पिरेनीज, निव्हेल, नीव्ह, ऑर्थेझ, तुलूझ: आणखी सहा. एकूण नऊ पट्ट्या, तेरा लढाया. नऊ पट्ट्यांचा क्रॉस हा फक्त त्याचाच.

गोयाच्या चित्रात पट्ट्या तीन. म्हणजे सालामांकापर्यंतचाच हिशेब, चित्र सुरू झालं तेव्हा तो होता तितकाच. पण क्रॉस ही वस्तूच १८१३ ची. १८१२ च्या ऑगस्टमध्ये असा क्रॉस कुणाच्याच गळ्यात नव्हता, आणि १८१४ च्या वसंतात तीनच पट्ट्यांचा असायचं कारण नव्हतं. दोन्हीकडून अडकलेली वस्तू. आमचा कल असा: चित्रकारापुढे प्रत्यक्ष क्रॉस नसावा, वर्णन किंवा रेखाटन असावं. किंवा पुढच्या पट्ट्या अजून हातात यायच्या असाव्यात. फलकावर हा "कल" म्हणूनच जाईल.

फितीवरच्या पट्ट्या मोजताना दोन वेळा चार आल्या. कारण फितीच्या घडीवर पडलेला उजेड पट्टीसारखा दिसतो. पट्टीला दोन्ही टोकं असतात, उजेडाला नसतात.

आजच्याच तारखेला, २१ ऑगस्ट १९६१ ला, हे चित्र गॅलरीतून चोरीला गेलं होतं. मांडून तीन आठवडेही झाले नव्हते. एका अमेरिकी संग्राहकाने १,४०,००० पौंडांना घेतलेलं चित्र देशाबाहेर जाऊ नये म्हणून तेवढीच रक्कम उभी करून गॅलरीने ते घेतलं होतं. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्थानकावर, सामान ठेवायच्या खोलीत ते सापडलं. चौकट मात्र कधीच मिळाली नाही, आणि ज्याच्यावर खटला चालला त्याला शिक्षा झाली ती चौकटीच्याच चोरीची. ही कथा इतकी चटकदार आहे की फलकावर आली की बाकीचं सगळं गिळते. दोन ओळी, त्याही तळाशी. आणि छापील प्रतीला खोटी चौकट छापायची नाही.

२९ ऑगस्ट

थरांचा आराखडा. प्रत्येक चिन्हापुढे "याआधी असूच शकत नाही" ही तारीख लिहिली: बाथ १८०४, बुरूज-तलवार १८११, सान फर्नांदो १८१२, गोल्डन फ्लीस ऑगस्ट १८१२, क्रॉस १८१३.

पद्धत अशी: अंगावरची सगळ्यात उशिराची वस्तू तिच्याखाली जो थर आहे त्याची नव्हे, तर ती ज्या थरात रंगवली त्याची तारीख सांगते. म्हणून वस्तू मूळ रंगकामातली की वरून चढवलेली, हे आधी ठरवावं लागतं. चढवलेल्या वस्तूच्या कडेला खालचा रंग डोकावतो, तिच्या आकाराशी न जुळणारा उंचवटा तिरप्या उजेडात दिसतो, आणि आजूबाजूचे फटकारे तिला वळसा घालून न जाता तिच्याखालून सरळ जातात. या चित्रात आधी क्रॉसच्या जागी द्वीपकल्पाचं सुवर्णपदक होतं. ते झाकून क्रॉस आला. गणवेशावरही असाच हात फिरलाय. ब्रिटिश सेनापतीच्या लाल डगल्याला कॉलर आणि छातीचे पल्ले गडद निळे, त्यावर सोनेरी भरतकाम. चित्रातली छाती काळपट आणि सोन्याने भरलेली दिसते ती या पूर्ण दरबारी वेषामुळे, आणि हा बदलही नंतरचा मानतात.

बदल १८१४ चे धरले जातात. ड्यूक झाल्यावर त्या वर्षीच्या मे महिन्यात वेलिंग्टन पुन्हा माद्रिदला आला होता, भाऊ हेन्री तिथे राजदूत होताच.

आता उलटा प्रश्न. गार्टर त्याला मार्च १८१३ मध्ये मिळाला होता. मग १८१४ मध्ये सुधारलेल्या चित्रात तो का नाही? इथेच बऱ्याच जणांचा पाय घसरतो. "गार्टर नाही, म्हणजे चित्र मार्च १८१३ च्या आधी पुरं झालं" हे वाक्य कागदावर अगदी सरळ दिसतं. पण क्रॉस गार्टरनंतरचा आहे आणि तो चित्रात आहे. तेव्हा नसलेल्या वस्तूवरून वरची मर्यादा आखता येत नाही. गार्टर घालायचा तर निळा पट्टा दुसऱ्या खांद्यावरून न्यावा लागला असता आणि चौथ्या ताऱ्यासाठी जागा करावी लागली असती, म्हणजे अर्धी छाती पुन्हा रंगवायची. असलेली वस्तू पक्का पुरावा, नसलेली वस्तू फार तर शंका. अनोळखी अधिकाऱ्याच्या कुठल्याही चित्राला हाच क्रम लावायचा.

असईचं नाव या क्रॉसवर नाही, कारण ती लढाई या पदकयोजनेतच नव्हती. कंपनीच्या मोहिमांसाठीचं "आर्मी ऑफ इंडिया" पदक १८५१ मध्ये मंजूर झालं, तेही तेव्हा हयात असलेल्यांनाच. त्याच्या पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड यांच्यासोबत खडकी, पुणे आणि कोरेगावही आहेत. लढाईनंतर ४८ वर्षांनी मिळालेली पट्टी १८१४ च्या चित्रात शोधण्यात अर्थ नाही.

३ सप्टेंबर

चेहरा. इतके दिवस मुद्दाम झाकून ठेवला होता.

ओठ किंचित विलग, वरचे दात दिसतात. सेनापतीच्या औपचारिक चित्रात हे विरळाच. मिटलेले ओठ म्हणजे निग्रह, असा तेव्हाचा संकेत. डोळे मोठे, उघडे. चेहऱ्यावर रंग पातळ आणि मऊ मिसळलेला, आणि त्याच्या हातभर खाली छातीवर तोच ब्रश जाडाभरडा चालतो. वय ४३. समोरचा चित्रकार ६६ वर्षांचा, वीस वर्षांपासून ठार बहिरा, काही काळापूर्वीच जोसेफ बोनापार्टच्या (नेपोलियनने स्पेनच्या गादीवर बसवलेला त्याचा भाऊ) दरबारी काम केलेला, आणि त्याच सुमारास युद्धाच्या अत्याचारांची कोरीव चित्रं करत असलेला. सालामांकाच्या विजेत्याकडे तो भाटाच्या नजरेने पाहणार नव्हता.

तुलनेला तीन चित्रं जवळ ठेवली. ब्रिटिश म्युझियममधलं गोयाचंच तांबड्या खडूचं रेखाटन, त्यात गाल आणखी बसलेले. अॅप्सली हाउसमधलं (वेलिंग्टनचं लंडनमधलं घर) घोड्यावरचं मोठं चित्र, ज्याच्या खाली क्ष-किरणांत दुसराच स्वार निघाला; गोयाने वापरलेला कॅनव्हासच पुन्हा वापरला. आणि तिथलंच टॉमस लॉरेन्सचं, हाताची घडी घातलेलं. लॉरेन्सचा वेलिंग्टन वॉटर्लूनंतरचा, सगळं ठरून गेल्यावरचा. गोयाच्या वेलिंग्टनला पुढे काय होणार हे माहीत नाही.

थकवा, शंका, भेदरलेपण हे शब्द फलकाच्या मसुद्यात तीनदा आले होते. तिन्ही काढले. "ओठ विलग, दात दिसतात" एवढं लिहावं, बाकी वाचक पाहील. गोया आणि वेलिंग्टन यांच्यात पिस्तूल उपसण्यापर्यंत भांडण झाल्याची जी गोष्ट फिरते तिलाही फलकावर जागा नाही. तिच्यामागे विश्वास ठेवावा असं काही नाही.

८ सप्टेंबर

मोठी फाइल आली. पहिला नमुना फ्लेक्सच्या यंत्रावर काढला आणि फुकट गेला. तांबडा पट्टा आणि लाल डगला एकच झाले. कारण साधं आहे: पडद्यावरचे काही लाल चार शाईंच्या छपाईत बसतच नाहीत. दोन जवळचे लाल एकाच शाईच्या मिश्रणावर जाऊन आदळतात. जो फरक समजावून सांगायला एवढा खटाटोप, नेमका तोच छपाईत पुसला गेला.

दुसरा नमुना पिगमेंट शाईच्या इंकजेटवर, २३० जीएसएम मॅट कागदावर. पूर्ण चित्र न छापता फक्त १५ × १५ सेंटिमीटरचा तुकडा, ज्यात दोन्ही पट्टे, डगला आणि एक तारा एकत्र येतो. तीन वेळा छापून तिसरा पसंत केला. प्रिंटरचं कागदानुसार प्रोफाइल लावल्यावर फरक परतला. निळा अजून थोडा जांभळट आहे, तो राहू दिला. हाताने रंग ओढून ठीक करायला लागलो तर ते आमचं चित्र होईल.

चकचकीत लॅमिनेशन नको. वर ट्यूबलाइट असली की पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. मॅट लॅमिनेशन, ५ मिलिमीटर सनबोर्ड. सनबोर्ड दमट हवेत वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवायचा. एकाच बाजूला कागद असला की ताण एकीकडे येतो आणि कडा उचलतात.

१४ सप्टेंबर

मजकूर. मुख्य फलक २५० शब्द, चिन्हांच्या सात टिपा प्रत्येकी २५ ते ३० शब्द. टिपांचे आकडे चित्रावर छापायचे नाहीत. शेजारी पानभर आकाराची बाह्यरेषा (४ ऑगस्टची ओएचपी इथे कामी आली) आणि आकडे तिच्यावर.

शब्दांचे निर्णय: किताब आणि पदक वेगळे ठेवायचे. किताबात माणूस दाखल होतो, पदक त्याला मिळतं. तीन तारे, दोन पट्टे आणि मेंढी हे किताबांचे, क्रॉस पदकाच्या घरातला. इंग्रजीतल्या "स्टार"ला "तारा", "क्लॅस्प"ला "पट्टी". पण मग पट्टा आणि पट्टी हे शब्द जवळ येतात आणि वाचताना अडखळायला होतं. मोठ्याने वाचून पाहिलं, क्रॉसच्या टिपेत प्रत्येक वेळी "सोन्याची पट्टी" असं पूर्ण लिहायचं ठरलं.

चित्र गॅलरीत येण्याआधी ड्यूक ऑफ लीड्सच्या घराण्यात होतं. त्या घरात ते लुइझा केटनमुळे आलं. लुइझाची बहीण मेरियन हिने १८२५ मध्ये रिचर्ड वेलस्लीशी लग्न केलं होतं, म्हणजे तैनाती फौजेच्या त्याच वेलस्लीशी. हे वाक्य टीपेतून उचलून मुख्य मजकुरात घेतलं. दोन भावांतली गल्लत टाळायला ते उपयोगी पडतं.

२० सप्टेंबर

उभारणी २३ तारखेच्या आधी, असईच्या दिवसाच्या हिशेबाने. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर. वाचनफलक १३० वर, नाहीतर शाळकरी मुलांना वाचता येत नाही. चित्र आणि फलक यांच्यात ४० सेंटिमीटर मोकळी जागा. जवळ लावलं की लोक फलकच वाचतात, मान वळवत नाहीत. जमिनीवर दोन चिकटपट्ट्या, एक दोन मीटरवर "इथून तारे पाहा", दुसरी ५० सेंटिमीटरवर "इथून सोन्याच्या पट्ट्या मोजा".

मुद्रितात दोन चुका सापडल्या. टीप ३ मध्ये सान फर्नांदोच्या स्थापनेचं साल १८११ ऐवजी १८१४ पडलं होतं. टीप ५ मध्ये "त्या.डा." तसंच राहून गेलं होतं, ते "त्याच्या डाव्या" असं उलगडलं. दुरुस्त पट्टी चिकटवायची नाही, टीप ३ आणि ५ पुन्हा छापायला दिल्या. उद्या दुपारी चारपर्यंत मिळतील.